अमेरिकेच्या चुली

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर 'न्यू इंग्लंड' या नावाने ओळखला जाणारा सहा राज्यांचा प्रदेश आहे. तेथे थंडीच्या दिवसांत 'इंडियन पुडिंग' नावाचे एक पक्वान्न करतात. नाव ऐकून त्याचे आपल्या देशाशी काही नाते असावे, असे एखाद्याला वाटेल. पण तसे मुळीच नाही. आपण हिंदुस्थानच्या वाटेवर पोहोचलो, अशी कोलंबसाची समजूत झाली. त्याने तेथील रहिवाशांना 'इंडियन' म्हटले, आणि ती चूक पाचशे वर्षे भाषेत टिकून राहिली. त्या रहिवाशांचे मुख्य धान्य मका. म्हणून मक्याचे पीठ ते 'इंडियन पीठ', आणि ते दुधात शिजवून, काकवी घालून, मंद आचेच्या भट्टीत तासन्‌तास ठेवून केलेला गोड पदार्थ तो 'इंडियन पुडिंग'. अमेरिकन लेखिकेने लिहिलेले आणि अमेरिकेतच छापले गेलेले पहिले पाकशास्त्राचे पुस्तक असा ज्याचा लौकिक आहे, त्या अमेलिया सिमन्सच्या १७९६ सालच्या 'अमेरिकन कुकरी'तही त्याची कृती दिलेली आहे.

ही एक वाटी जरा निरखून पाहण्यासारखी आहे. तिच्यातील मका मूळ रहिवाशांचा. पीठ दुधात शिजवून पुडिंग करण्याची रीत इंग्लंडमधून आलेल्या वसाहतवाल्यांची. आणि काकवी आली ती वेस्ट इंडीज बेटांवरील उसाच्या मळ्यांतून, जेथे आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे चाबकाखाली राबत होती. तीन खंडांतील माणसे एका वाटीत एकत्र आली. पण ती सारी आपखुशीने आलेली नव्हती. म्हणून अमेरिकेच्या निरनिराळ्या प्रांतांतील जुन्या पदार्थांचे मूळ शोधू लागलो, की तीन प्रश्न विचारावे लागतात : धान्य कोणाचे, हात कोणाचे, आणि हा पदार्थ जन्माला आला तो कोणत्या गरजेपोटी किंवा सक्तीपोटी? पदार्थाचे नाव पुष्कळदा या प्रश्नांची उत्तरे देत नाही. ती चुलीजवळ जाऊनच शोधावी लागतात.

मक्यापासूनच आरंभ करू. १६२० साली इंग्लंडमधून आलेले प्यूरिटन पंथाचे लोक प्लिमथ येथे उतरले, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्यापैकी निम्मे लोक मरण पावले. पुढच्या वसंत ऋतूत त्यांना मका पेरायला शिकविले ते टिस्क्वांटम नावाच्या एका स्थानिक माणसाने. प्रत्येक आळ्यात खत म्हणून मासे घालावे, ही युक्ती त्याचीच. या माणसाची कहाणी विलक्षण आहे. १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून नेऊन स्पेनमध्ये विकायला काढले होते. तेथून सुटून, इंग्लंडमध्ये काही काळ काढून तो १६१९ साली मायदेशी परतला, तेव्हा त्याचे पटुक्सेट हे गाव रोगाच्या साथीने निर्मनुष्य झाले होते. त्याच ओसाड जागेवर पुढच्या वर्षी प्लिमथची वसाहत उभी राहिली. ज्याचे गावच उरले नव्हते, त्याने त्या गावाच्या मातीत परक्यांना पीक काढायला शिकविले.

त्या लोकांच्या शेतीत मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिके एकत्र घेत. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढे, घेवड्याच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीला नत्र मिळे, आणि भोपळ्याच्या रुंद पानांखाली ओल टिकून तण दबून जाई. या पिकांना ते 'तीन बहिणी' म्हणत. मक्याचे दाणे आणि घेवडा एकत्र शिजवून केलेली 'सकोटॅश' नावाची उसळ न्यू इंग्लंडमध्ये आजही करतात. तिचे नावच मुळी नॅरागॅन्सेट जमातीच्या भाषेतून आले आहे.

परंतु मक्याबरोबर आणखी एक विद्या होती. मूळ रहिवासी मका नुसता दळीत नसत. मेक्सिकोत चुन्याच्या पाण्यात, तर उत्तरेकडे लाकडाच्या राखेच्या पाण्यात तो आधी शिजवीत. त्यामुळे दाण्याचे टरफल सुटते आणि दळण सोपे होते, एवढे कोणालाही दिसे. न दिसणारी गोष्ट अशी, की मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या स्वरूपात असते, आणि ते या क्षाराने मोकळे होऊन अंगी लागते. युरोपीय वसाहतवाल्यांनी राखेच्या पाण्यातून काढलेला मका काही काळ उचलला. 'हॉमिनी' या नावाने तो दक्षिणेत रुळलाही. पण पुढे यांत्रिक गिरण्या आल्या, कोंब काढून टाकलेले स्वस्त पीठ दुकानात मिळू लागले, आणि दक्षिणेतील गरिबांचे जेवण म्हणजे मक्याची भाकर, काकवी आणि खारवलेली डुकराची चरबी एवढेच उरले.

त्याचा परिणाम भयंकर झाला. १९०६ पासून १९४० पर्यंतच्या काळात दक्षिणेतील राज्यांत पेलाग्रा या रोगाने अंदाजे ३० लाख माणसे पछाडली आणि सुमारे १ लाख दगावली. कातडी सोलवटे, जुलाब लागत, शेवटी बुद्धिभ्रंश होई. हा संसर्गजन्य रोग आहे असे डॉक्टर मानीत. १९१४ साली सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना चौकशीसाठी पाठविले. त्यांनी अनाथालयांतून आणि तुरुंगांतून प्रयोग करून दाखवून दिले, की हा जंतूंचा रोग नव्हे, निकृष्ट आहाराचा रोग आहे. ते १९२९ साली वारले. नेमके कोणते द्रव्य कमी पडते, हे १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी शोधून काढले. गरिबी हे या रोगाचे मूळ कारण खरेच. पण धान्य घेतले आणि ते शिजविण्याची विद्या वाटेत सोडून दिली, ही गोष्टही त्या लाखो घरांच्या दुःखाच्या मुळाशी होती. ज्यांच्याकडून मका मिळाला ते अडाणी, ही समजूत फार महागात पडली.

आता बॉस्टन शहराकडे वळू. तेथील घेवड्याचे दाणे इतके प्रसिद्ध, की त्या शहराला 'घेवड्याचे गाव' या अर्थाचे टोपणनावच पडले आहे. पांढरे दाणे, काकवी आणि खारवलेले मांस मातीच्या पोटफुगीर भांड्यात घालून विटांच्या भट्टीत रात्रभर मुरू देतात. यामागे एक धार्मिक निर्बंध आहे. प्यूरिटन लोकांचा रविवारचा विश्रामदिन शनिवारी सूर्यास्तालाच सुरू होई, आणि त्या दिवशी कामधंदा निषिद्ध. म्हणून शनिवारी भांडे भट्टीत लावून द्यायचे आणि रविवारी ऊनऊन जेवायचे. शीतळासप्तमीला चूल पेटवायची नाही म्हणून आदल्या दिवशी रांधून ठेवणाऱ्या आपल्या घरांना ही अडचण समजावून सांगायला नको. मात्र त्या भांड्यात पडणारी काकवी कोठून येई, हे आपण आताच पाहिले. त्याच काकवीपासून न्यू इंग्लंडमध्ये रम गाळीत, आणि ती रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या मोबदल्यात देत. विश्रामदिनाच्या पवित्र जेवणातील गोडव्याला ही अशी एक बाजू होती.

दक्षिणेकडे साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर आलो, की मक्याच्या जोडीला तांदूळ दिसू लागतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे भातशेती सुरू झाली, आणि अठराव्या शतकात चार्ल्सटन बंदर तांदळाच्या निर्यातीवर श्रीमंत झाले. समुद्राच्या भरतीने मागे रेटले जाणारे नदीचे गोडे पाणी बांध आणि दारे घालून शेतात घ्यायचे आणि ओहोटीबरोबर सोडून द्यायचे, अशी ती शेती होती. कोकणातील खाजणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना बांध घालण्याचे हे श्रम काय असतात ते ठाऊक आहे. मळ्यांचे मालक इंग्लंडकडचे. त्यांच्या देशात भात पिकत नव्हते. भात पिकत होते ते पश्चिम आफ्रिकेत, गँबियापासून सिएरा लिओनपर्यंतच्या पट्ट्यात. तेथून आणलेल्या माणसांना चार्ल्सटनच्या बाजारात अधिक मागणी असे, आणि विक्रीच्या जाहिरातींत त्यांच्या भातशेतीच्या ज्ञानाचा मुद्दाम उल्लेख करीत.

या भातशेतीच्या विद्येत आफ्रिकनांचा वाटा नेमका किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. जूडिथ कार्नी यांनी २००१ साली 'ब्लॅक राइस' या ग्रंथात तो वाटा फार मोठा असल्याचे प्रतिपादन केले; २००७ साली काही अभ्यासकांनी गुलामांच्या व्यापाराची आकडेवारी पुढे करून त्यावर आक्षेप घेतले. बियाणे बव्हंशी आशियाई जातीचे होते, हेही खरे. पण गुडघाभर चिखलात कोण उभे राहिले, उखळात मुसळाने भात कोणी कांडले, आणि गवताच्या विणलेल्या सुपांनी ते कोणी पाखडले, याविषयी वाद नाही. तशाच गुंडाळीच्या विणीच्या टोपल्या त्यांचे गला वंशज चार्ल्सटनच्या रस्त्यांवर आजही विकतात, आणि तशीच वीण पश्चिम आफ्रिकेतही आढळते.

या किनाऱ्याचा खास पदार्थ म्हणजे 'हॉपिन जॉन'. नाव विचित्र असले, तरी पदार्थ आपल्या परिचयाचा आहे : चवळी घालून केलेला भात, चवीला खारवलेले मांस. चवळी मूळची आफ्रिकेची. सेरा रटलेज या उच्चकुलीन बाईने १८४७ साली 'द कॅरोलायना हाउसवाइफ' या पुस्तकात त्याची कृती छापली. पण तो पदार्थ मळ्यावरील झोपड्यांतून वाड्यात गेला होता, वाड्यातून झोपडीत आला नव्हता. आज दक्षिणेत नववर्षाच्या पहिल्या दिवशी, वर्षभर पैसा खेळता राहावा म्हणून, गोऱ्या-काळ्या सर्व घरांत तो हौसेने करतात. चवळीचे दाणे म्हणजे नाणी आणि सोबतची पालेभाजी म्हणजे नोटा, असा संकेत आहे.

याच किनाऱ्यावर आपल्या देशाशी खरेखुरे नाते सांगणारा एक पदार्थ भेटतो. त्याच्या नावात मात्र 'इंडियन' हा शब्द नाही. त्याला 'कंट्री कॅप्टन' म्हणतात. कोंबडी, टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची आणि करी पावडर यांचा रस्सा भातावर वाढून वरून बेदाणे आणि बदाम पेरलेले असतात. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलीत 'कंट्री' म्हणजे देशी, आणि देशी व्यापारी जहाजांचे कप्तान ते 'कंट्री कॅप्टन'. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ सालच्या प्रसिद्ध कोशात या नावाच्या बंगालमधील सुक्या रश्श्याची नोंद असून, तो अशा कप्तानांच्या मेजावरील आवडता पदार्थ असावा, असा तर्क केलेला आहे. अमेरिकेत एलायझा लेस्लीच्या १८५७ सालच्या पुस्तकात त्याची कृती आढळते. जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट तो आवडीने खात. अशा रीतीने, ज्या पुडिंगाच्या नावात हिंदुस्थान आहे त्यात आपले काही नाही, आणि ज्या रश्श्यात आपला मसाला आहे त्याच्या नावात आपण नाही.

आणखी पश्चिमेकडे मिसिसिपी नदीच्या मुखापाशी लुइझियाना राज्य आहे. न्यू ऑर्लिन्स हे तेथील मुख्य शहर फ्रेंचांनी १७१८ साली वसविले; पुढे तो मुलूख काही काळ स्पेनकडे होता, आणि १८०३ साली अमेरिकेने तो फ्रान्सकडून विकत घेतला. तेथील 'गंबो' या दाट कालवणात ही सारी स्थित्यंतरे विरघळलेली आहेत. आफ्रिकेतील बांटू कुळातील काही भाषांत भेंडीला 'कि-न्गोम्बो' म्हणतात, त्यावरून 'गंबो'. भेंडीच्या ज्या बुळबुळीला घालविण्यासाठी आपल्याकडे आमसूल किंवा चिंच घालतात, तीच तेथे कालवण दाट होण्यासाठी हवी असते. चरबीत पीठ खमंग तांबूस होईपर्यंत परतून त्यावर रस्सा चढविण्याची रीत फ्रेंच. भेंडी नसेल तेव्हा दाटपणासाठी घालतात ती ससाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड. ती चॉक्टॉ जमातीची देणगी. कोळंबी, खेकडे, कोंबडी, जे हाताशी असेल ते यात जाते. याच राज्याच्या दलदलीच्या भागात केजन लोक राहतात. कॅनडाच्या किनाऱ्यावरील आपल्या अकेडिया या वस्तीतून इंग्रजांनी १७५५ पासून हाकलून दिलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांचे ते वंशज. त्यांनीही गंबो आपला केला.

न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारी राजमा आणि भात करण्याची जुनी चाल आहे. सोमवार हा धुण्याचा दिवस. रविवारच्या मांसाचे हाड टाकून राजमा मंद आचेवर ठेवला, की बाई दिवसभर कपडे धुवायला मोकळी. या शहराचा थोर संगीतकार लुई आर्मस्ट्राँग आपल्या पत्रांच्या शेवटी 'आपला राजमा-भातपूर्वक' अशा अर्थाची सही करी.

टेक्सास राज्याचा मानबिंदू म्हणजे 'चिली'. गोमांसाचे तुकडे, सुक्या मिरच्या आणि जिरे यांचा हा झणझणीत रस्सा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनियो शहराच्या चौकांत मेक्सिकन वंशाच्या गरीब बायका संध्याकाळ झाली की मेजे मांडीत, कंदील लावीत आणि घरून शिजवून आणलेला हा रस्सा विस्तवावर गरम ठेवून विकीत. लोक त्यांना 'चिली क्वीन्स', म्हणजे मिरचीच्या राण्या म्हणत. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनियोच्या नावाने चिलीची गाडी लागली, आणि पदार्थाची कीर्ती देशभर पसरली. तयार मसाल्याचे कारखाने निघाले. पण १९३०च्या दशकाच्या अखेरीस आरोग्याचे नियम पुढे करून या बायकांना चौकातून उठविण्यात आले. पुढे १९७७ साली टेक्सासच्या विधिमंडळाने चिली हा राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून घोषित केला. रस्सा सन्मानाने सभागृहात गेला. चौकातील राण्यांची राज्ये मात्र तोवर केव्हाच खालसा झाली होती.

हात कोणाचे, हा प्रश्न दोन माणसांच्या चरित्रांतून अधिक स्पष्ट होतो. टॉमस जेफर्सन १७८४ साली फ्रान्सला गेले, तेव्हा आपला तरुण गुलाम जेम्स हेमिंग्ज याला फ्रेंच पाककला शिकविण्यासाठी बरोबर घेऊन गेले. हेमिंग्ज निष्णात आचारी होऊन परतला, आणि जेफर्सनच्या मेजवान्या गाजू लागल्या. त्याने स्वातंत्र्य मागितले. आधी दुसरा आचारी तयार करून दे, अशी अट पडली. त्याने आपला भाऊ पीटर याला शिकविले, आणि १७९६ साली तो मुक्त झाला. भाऊ मात्र त्या चुलीपाशी गुलामच राहिला. जाण्यापूर्वी जेम्सने स्वहस्ते केलेली स्वयंपाकघरातील भांड्यांची यादी आजही जतन केलेली आहे. दुसरे नाव ॲबी फिशर या बाईचे. गुलामगिरीत जन्मलेली ही बाई पुढे सॅन फ्रान्सिस्कोत नामांकित झाली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने तोंडाने सांगितलेल्या दक्षिणी पदार्थांच्या कृतींचे पुस्तक १८८१ साली छापले गेले. हजारो स्वयंपाकिणींचे ज्ञान कागदावर न येताच गेले. त्यांतील एकीचे असे वाचले.

शेवटी एका साध्या पदार्थाची हकिकत सांगतो. १८६४ साली अमेरिकन सैन्याने नॅव्हाहो जमातीच्या हजारो लोकांना ॲरिझोनातील त्यांच्या भूमीतून शेकडो मैल पायी चालवीत न्यू मेक्सिकोतील एका छावणीत नेले. मका, घेवडा आणि भोपळा तेथे नीट पिकेनात. सरकारी शिध्यात मिळे ते गव्हाचे पीठ, मीठ, साखर आणि चरबी. तेही पुष्कळदा खराब झालेले. कित्येक माणसे तेथेच मेली. जे उरले, त्यांना १८६८ च्या तहाने परतता आले. त्या शिध्यातूनच 'फ्रायब्रेड' जन्माला आली, असे त्यांच्यात परंपरेने सांगतात. ती दिसायला आपल्या जाड पुरीसारखी असते. आज अनेक जमातींच्या मेळ्यांत तिच्यावाचून चालत नाही, आणि साउथ डकोटा राज्याने २००५ साली तिला राज्याची अधिकृत भाकरी ठरविले. त्याच वेळी मूळ रहिवाशांपैकीच कित्येक विचारवंत म्हणतात, की ही आमची परंपरा नव्हे, हा आमच्या बंदिवासाचा शिधा आहे; मैद्याने आणि चरबीने आमच्या लोकांत मधुमेह वाढविला; आम्हाला आमच्या तीन बहिणी परत हव्यात. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घ्यावे असे आहे. उपाशी आईने मिळेल त्या पिठातून मुलांसाठी काही खमंग केले, त्याचा तिच्या नातवंडांनी अभिमान का धरू नये? आणि ते पीठ तिच्यावर कोणी लादले, हे त्यांनी विसरावे तरी का?

श्रोतेहो, दुसऱ्या देशाच्या चुलीकडे पाहून आलेली नजर आपल्या चुलीकडेही वळते. उपवासाच्या दिवशी आपण सोवळ्यात करतो ती साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो टॅपिओका, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची, ही चारही मुळात अमेरिका खंडाची. कोलंबसानंतरच्या शतकांत, बव्हंशी पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. त्यांना हजारो वर्षे निवडून, पेरून, वाढवून खाण्याजोगे करणाऱ्या माणसांची नावे आपल्याला कोणी सांगितली नाहीत, आणि आपणही विचारली नाहीत. खिचडीची चव त्यामुळे कमी होत नाही. पण पुढच्या एकादशीला ताटात ती वाढली गेली, की टिस्क्वांटमच्या ओसाड गावाची आणि राखेच्या पाण्यात मका शिजविणाऱ्या त्या अनामिक बायकांची क्षणभर आठवण व्हायला हरकत नाही. त्यांचे आपल्यावरही थोडे ऋण आहे.